जर्मन रडार सरस होते, मग 1940 मध्ये त्याचा लाभ ब्रिटिशांनाच का झाला?

वाचनवेडा (प्रश्न)

दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना एक विसंगती मला सतत खटकते. 1940 ची ब्रिटनवरील हवाई लढाई ब्रिटिशांनी रडारच्या जोरावर जिंकली, असे जवळपास सर्वत्र लिहिलेले असते. परंतु त्यांची ‘चेन होम’ ही किनाऱ्यावरील साखळी दहा मीटरहून अधिक तरंगलांबीवर, म्हणजे आपल्या जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओच्या पट्ट्यात चालत होती, तर जर्मनांचे ‘फ्राया’ 2.4 मीटरवर आणि ‘वुर्झबर्ग’ अर्ध्या मीटरच्या आसपास. तरंगलांबी जितकी कमी, तितक्या लहान अँटेनातून बारीक झोत मिळतो. तेव्हा यंत्र सरस एकाकडे आणि लाभ दुसऱ्याला, हे कसे घडले? केवळ इंग्लिश खाडी आडवी आली, एवढेच उत्तर असेल तर तसेही सांगावे.

लघुलहर

चेन होम मागासलेली होती हे खरे, पण ती तशी ठेवणे हा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. 1935 च्या सुरुवातीला ब्रिटनच्या हवाई खात्याने रेडिओशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉटसन-वॅट यांच्याकडे विचारणा केली होती, ती रेडिओलहरींचा ‘मृत्युकिरण’ करता येईल का, याची. त्यांनी सहकारी अरनॉल्ड विल्किन्स यांना एक गणित घातले : एक किलोमीटर उंचीवरील आठ पिंट पाणी पाच किलोमीटर अंतरावरून 98 वरून 105 अंश फॅरनहाइटपर्यंत तापवायला किती शक्ती लागेल? एवढे पाणी म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त, हे विल्किन्स यांनी लगेच ओळखले. मृत्युकिरण अशक्य ठरला, पण विमानावर आपटून परतणारी लहर टिपता येईल, असे त्यांनी सुचवले आणि 26 फेब्रुवारी 1935 रोजी डॅव्हेंट्रीजवळ बीबीसीच्या प्रक्षेपकासमोरून एक हेफर्ड बाँबर विमान उडवून ते सिद्धही केले. पुढे वॉटसन-वॅट यांनी पत्करलेले धोरण असे की, सर्वोत्तम यंत्र कधीच तयार होत नाही, दुसऱ्या दर्जाचे उशिरा होते, म्हणून तिसऱ्या दर्जाचे आजच उभे करावे.

त्या तिसऱ्या दर्जाच्या यंत्राचे काम कसे चाले, ते पाहिले की तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. 110 मीटर उंच पोलादी मनोऱ्यांवरून झोत फिरवला जात नसे. समोरचे सारे आकाश एकदमच लहरींनी भरून टाकले जाई. ग्राहक खोलीत बसलेली महिला हवाई दलाची तरुणी पडद्याचे काम करणाऱ्या नळीवरच्या उजळ आडव्या रेषेकडे पाहत असे. रेषेत खाच पडली की ती पट्टीवर अंतर वाचून घेई आणि मग हाताखालची मूठ खाच नाहीशी होईपर्यंत फिरवत राही. ज्या कोनाला ती नाहीशी होई, त्यावरून दिशा ठरे. अंतर बऱ्यापैकी बिनचूक असे, दिशा मात्र काही अंशांनी चुके. हा दोष यंत्रात दुरुस्त झाला नाही, तो टेबलावर दुरुस्त झाला. लंडनजवळच्या बेंटली प्रायरी येथील फिल्टर रूममध्ये दूरध्वनीवरून आलेली दोन केंद्रांची अंतरे नकाशावर एकमेकांना छेद देत आणि त्या छेदातून विमानांची खरी जागा निघे.

तेथून ती खबर लढाऊ तळांच्या टेबलांवर सोंगट्यांच्या रूपाने पोहोचे. भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पाच-पाच मिनिटांच्या लाल, पिवळ्या आणि निळ्या भागांत रंगवलेली असे, आणि मिनिटकाटा ज्या रंगावर असेल त्याच रंगाची खूण टेबलावर ठेवली जाई. त्यामुळे कोणती बातमी शिळी झाली आहे, हे वर सज्जात बसलेल्या अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे. ब्रिटिश लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांचे खरे श्रेय या व्यवस्थेत आहे. जर्मनांकडे त्या काळात असे टेबल नव्हते. त्यांची यंत्रे चांगले पाहत होती, पण ते पाहिलेले वेळेवर सांगायचे कोणाला, हेच ठरलेले नव्हते.

सागरगोटा

लघुलहर यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारे उलट उदाहरण अमेरिकेच्या हवाई बेटांवरचे आहे. 7 डिसेंबर 1941 रोजी सकाळी 7 वाजता ओपाना येथील रडार बंद करायचे होते, परंतु न्याहारीला नेणारा ट्रक न आल्यामुळे दोघे सैनिक सरावासाठी बसून राहिले. 7 वाजून 2 मिनिटांनी त्यांना उत्तरेकडे दोनशेहून अधिक किलोमीटरवर एक प्रचंड प्रतिध्वनी दिसला. त्यांनी दूरध्वनी केला, तर माहिती केंद्रातील बहुतेक माणसे निघून गेलेली, आणि मागे राहिलेल्या नवख्या लेफ्टनंटला ठाऊक होते ते एवढेच की आपली बी-17 बाँबर विमाने त्याच सुमारास यायची आहेत. त्याने काळजी न करण्यास सांगितले. पर्ल हार्बरवर पहिला बाँब पडला, तो त्यानंतर तासाभराच्या आत. यंत्राने आपले काम चोख केले होते.

वाचनवेडा

मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. एवढे उंच मनोरे खाडीपलीकडून दुर्बिणीतून दिसत असणार. मग जर्मनांनी ते पाडले का नाहीत?

लघुलहर

प्रयत्न केला. 12 ऑगस्ट 1940 रोजी डोव्हर, राय, पेव्हेन्सी आणि व्हेंटनर या केंद्रांवर हल्ले झाले. जाळीदार मनोऱ्यांतून स्फोटाचा दाब आरपार निघून जातो, त्यामुळे ते सहसा कोसळत नसत. पहिली तीन केंद्रे काही तासांतच सुरू झाली आणि व्हेंटनर बरेच दिवस बंद राहिले. मात्र 15 ऑगस्टलाच जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने या केंद्रांवरील हल्ले चालू ठेवण्यात अर्थ दिसत नाही, असे सांगून टाकले, कारण मनोऱ्यांमागे टेबलांची केवढी साखळी आहे, याची त्याला कल्पना नव्हती.

आडवाट

वरील विवेचन मान्य करूनही थोडी असहमती नोंदवतो. ‘यंत्र गौण, व्यवस्था प्रधान’ हे सूत्र 1940 पुरते ठीक आहे. ते सबंध युद्धाला लावू नये. 21 फेब्रुवारी 1940 रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन ही अतिलघु लहरी निर्माण करणारी नळी चालवून दाखवली आणि दहा सेंटिमीटरच्या लहरी जोरकसपणे निर्माण करता येऊ लागल्या. 1943 मध्ये अटलांटिकवरच्या विमानांत असे रडार बसल्यावर जर्मन पाणबुड्यांवरील मेटॉक्स हा इशारा देणारा ग्राहक बहिरा ठरला, कारण तो मीटरभर लांबीच्या लहरींसाठी बनवलेला होता. तेथे निव्वळ यंत्रानेच पारडे फिरवले.

शिवाय जर्मनांनीही पुढे व्यवस्था उभी केली. जनरल कामहुबर यांनी आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात एक वुर्झबर्ग बाँबरवर आणि दुसरे रात्री लढणाऱ्या आपल्या विमानावर रोखून ठेवले. 1942 मध्ये ब्रिटिशांना त्याचा चांगलाच फटका बसत होता. आता तुमच्या मूळ प्रश्नातील त्या सरस यंत्राचे काय झाले ते पाहा. फेब्रुवारी 1942 मध्ये ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रूनेव्हाल येथे उतरून एका वुर्झबर्गचे महत्त्वाचे भाग उचलून आणले होते. त्याची तरंगलांबी सुमारे 53 सेंटिमीटर आहे आणि ती झटपट फार बदलता येत नाही, हे पक्के समजले होते. त्याच्या निम्म्या लांबीच्या, म्हणजे 27 सेंटिमीटरच्या चकचकीत पट्ट्या कापल्या की प्रत्येक पट्टी त्या लहरीला जोरदार प्रतिध्वनी देते आणि खरी विमाने त्या गर्दीत हरवतात. 24 जुलै 1943 च्या रात्री हॅम्बर्गवर निघालेल्या 791 विमानांनी अशा पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाटेत सोडले, आणि त्यांतील केवळ 12 विमाने परतली नाहीत.