पेट्रोनासचा पूल मनोऱ्यांना धरून ठेवत नाही

मधल्या पुलामुळे मलेशियातल्या क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे एकमेकांना धरून उभे आहेत, असा एक समज आहे. प्रत्यक्षात उलट आहे. 452 मीटर उंचीचे हे दोन मनोरे वाऱ्यात आपापल्या लयीत डोलतात. पूल दोन्हीकडे घट्ट जखडला असता तर सांध्यांवर प्रचंड ताण आला असता. म्हणून 41 आणि 42व्या मजल्यांना जोडणारा हा 58 मीटरचा दुमजली पूल टोकांशी सरकता ठेवलाय. खालून तिरके पाय येतात, ते 29व्या मजल्यापाशी गोलाकार बेअरिंगवर टेकलेत. आपला खांदा खोबणीत फिरतो ना, अगदी तसे. मला अख्ख्या इमारतीत हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

पायाची गोष्टही सांगायलाच हवी. जागा जुन्या रेसकोर्सची. खाली चुनखडीचा खडक, त्यात पोकळ्या, आणि खडकाची पातळीही एकसारखी नाही. शेवटी मनोऱ्यांची जागाच सुमारे 60 मीटर सरकवली आणि जमिनीत काही ठिकाणी 100 मीटरहून खोल पाइल, म्हणजे पायाचे खांब, घातले.

पोलादाऐवजी उच्च ताकदीचं काँक्रीट वापरलं, कारण पोलाद बाहेरून आणणं महाग होतं आणि स्थानिक लोकांचा हात काँक्रीटवर बसलेला होता. वजन वाढलं, पण डोलणं कमी झालं.

आराखड्याबद्दल एवढंच: वास्तुविशारद सीझर पेल्लींनी दोन चौरस एकमेकांत फिरवून आठ टोकांचा तारा घेतला आणि आतल्या कोपऱ्यांत अर्धवर्तुळं भरली, त्यामुळे जागाही वाढली. वरून मजल्याचा नकाशा पाहिलात तर मशिदीतली जाळीच आठवेल.