लॉन नंतर, आधी सावली

भाऊ, नव्या विद्यापीठाच्या आवारात मधोमध लॉन, भोवती गुलमोहर आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक, असा आराखडा तुम्ही मांडलाय. त्यातलं लॉन आधी काढा, ही कळकळीची विनंती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, गावाला प्यायला पाणी पुरत नाही. त्या गवतावर दुपारी बसणार तरी कोण?

गुलमोहर देखणा खरा, पण ऐन परीक्षेच्या दिवसांत बोडका असतो आणि वादळात त्याच्या फांद्या पटकन मोडतात. मी शिकलो तिथं पोरं अभ्यासाला मागच्या धुऱ्यावरच्या करंजाखाली जायची. एप्रिलात करंजाला नवी लकाकती पालवी फुटते, सावली अशी दाट की वहीवर उन्हाचा एक कवडसा पडत नसे. वाटांच्या दुतर्फा करंज आणि कडुनिंबच लावा.

दुसरं म्हणजे काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट बसवलेले ब्लॉक वरखाली होणारच. माती काढा, मुरूम भरून दाबा, मगच वाट करा. झाडाला पार बांधाल तर आळं मोकळं ठेवा. आमच्या तिथल्या चिंचेला बुंध्यापर्यंत काँक्रीट केलं होतं, तिसऱ्या उन्हाळ्यात वाळली. अजून जीव हळहळतो.

आराखडा पक्का करण्याआधी सेवाग्रामला जाऊन या. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले, तेव्हापासूनचं ते मातीच्या कुट्यांचं आणि झाडांचं आवार आहे. भर दुपारी बारा वाजता जा.