मदत हवी आहे: हवेचा रिपोर्ट ‘मर्यादेत’, तरी कामगारांच्या पायांना मुंग्या. नेमकी कोणती मर्यादा धरायची?

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघतो. आमच्याकडे चिकटकामाच्या विभागात सॉल्व्हंटवाला गोंद ब्रशने लावतात आणि तुकडे दाबून सुकायला ठेवतात. शिफ्ट १२ तासांची, आठवड्यातून पाच दिवस. तिथले लोक शिफ्ट संपताना डोकं जड होतं म्हणतात. आता दोघांनी पायाच्या बोटांना मुंग्या येतात असं सांगितलंय. त्यातल्या एकाला चालताना पायातून चप्पल निसटली तरी कळत नाही, मागचा माणूस हाक मारून सांगतो. हे ऐकल्यापासून मला चैन नाही.

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून हवा तपासून घेतली. एन-हेक्सेन ३८ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३८ भाग), टोल्युइन ९, एमईके म्हणजे मिथाइल इथाइल कीटोन ६०. शेजारच्या रकान्यात मर्यादा अनुक्रमे ५००, २०० आणि २००, आणि खाली शेरा: ‘सर्व घटक मर्यादेत’. वरिष्ठांच्या मते विषय संपला. पण मी शोधाशोध केली तर हेक्सेनसाठी ५० हा आकडाही सापडला. एकाच वाफेच्या दोन मर्यादांत दहापट फरक कसा? शिवाय या मर्यादा ८ तासांच्या, आमची शिफ्ट १२ तासांची. तिन्ही वाफा एकाच वेळी नाकात जातात, त्याचं गणित कसं करायचं? आणि गोंदातल्या एका घटकापुढे सेफ्टी डेटा शीटच्या (पदार्थाच्या धोक्यांचं माहितीपत्रक) ८व्या कलमात ‘मर्यादा निश्चित केलेली नाही’ एवढंच लिहिलंय. त्याचा अर्थ तो निर्धोक असा घ्यायचा का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. मला उत्तर कागदासाठी नको, त्या माणसांसाठी हवंय.

प्रतिसाद – हवामापक

रिपोर्टमधल्या मर्यादा अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या दिसतात. त्यांचा इतिहास माहीत असला की दहापट फरकाचं कोडं सुटतं. ओशाचा कायदा १९७० चा. १९७१ मध्ये त्यांनी एसीजीआयएच या तज्ज्ञ संघटनेची १९६८ ची यादी जवळजवळ जशीच्या तशी उचलली. हेक्सेनचे ५०० तिथून आले. पुढे हेक्सेनने मज्जातंतू खराब होतात हे पक्कं झालं आणि एसीजीआयएचने आपला आकडा ५० वर आणला. नायोश ही अमेरिकेचीच संशोधन संस्था, तिचाही ५०. ओशानेही १९८९ मध्ये ५० केला होता, पण १९९२ मध्ये अपील कोर्टाने ती अख्खी सुधारणा रद्द केली आणि ५०० पुन्हा लागू झाले. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला आकडा अर्ध्या शतकापूर्वीच्या माहितीवर उभा आहे. आपल्याकडची बरीच मूल्यं जुनी झाली आहेत हे ओशा स्वतःच जाहीरपणे सांगते.

कायद्याचा आकडा पाळावा लागतोच, पण तो किमान अट समजा. कारखान्याने स्वतःची अंतर्गत मर्यादा ताज्या आरोग्य-माहितीवरून ठरवावी. इथे हेक्सेनसाठी ५० च्या वर जायचं काहीच कारण नाही.

आता एकत्रित परिणामाचं गणित. एकाच अवयवावर परिणाम करणाऱ्या वाफा असतील तर प्रत्येकीचं प्रमाण तिच्या मर्यादेने भागायचं आणि बेरीज करायची. बेरीज १ च्या वर गेली की मर्यादा ओलांडली. ओशाचे आकडे घेतले तर ३८/५०० + ९/२०० + ६०/२००, म्हणजे साधारण ०.४२. हेक्सेनला ५०, टोल्युइनला एसीजीआयएचचे २० आणि एमईकेला नायोशचे २०० घेतले तर ०.७६ + ०.४५ + ०.३०, म्हणजे १.५१. हवा तीच आहे.

१२ तासांसाठी ब्रीफ आणि स्काला यांचं सूत्र वापरतात: ८ भागिले शिफ्टचे तास, गुणिले विश्रांतीचे तास भागिले १६. कारण माणूस जास्त तास वाफ घेतो आणि ती शरीराबाहेर जायला कमी तास मिळतात. १२ तासांना हा गुणक ०.५ येतो, म्हणजे सगळ्या मर्यादा निम्म्या आणि बेरीज ३ च्या आसपास. हे सूत्र मुद्दाम सावध बाजूला झुकलेलं आहे, पण पायांना मुंग्या आलेल्या असताना मी तरी तेच धरेन.

एक विचारायचं राहिलं. नमुना कुठे आणि किती वेळ घेतला?

धागाकर्ता

मनापासून आभार. पंप खांबाला टांगला होता, टेबलांपासून आठ-दहा फुटांवर. सकाळी दोन तास चालवला. दोन नमुने घेतले. आणखी एक सांगायला हवं: हाताला लागलेला गोंद लोक थिनरच्या बोळ्याने पुसतात.

प्रतिसाद – हवामापक

मग तो ३८ चा आकडा माणसाच्या नाकाशी असलेल्या हवेचा नाहीच. पंप कमरेला आणि चारकोल ट्यूब (वाफ शोषून घेणारी कोळशाची नळी) कॉलरला, नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरच्या आत लावायला हवी, आणि शक्यतो पूर्ण शिफ्टभर. ब्रश मारणारा माणूस तुकड्यावर वाकलेला असतो, उघडा डबा त्याच्या छातीशी असतो. खांबावर ३८ असतील तर तिथे त्याहून बरेच जास्त असण्याची शक्यता मोठी.

शिवाय दोन नमुन्यांवर ‘मर्यादेत’ म्हणता येत नाही. एकाच कामाचे आकडे दिवसागणिक खूप हलतात. ईएन ६८९ हे युरोपियन मानक म्हणतं की सारखं काम करणाऱ्या गटाचे फक्त तीनच नमुने असतील तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या भागाखाली हवेत, तरच तेवढ्यावर थांबा. नाहीतर आणखी नमुने घ्या, किमान सहा, आणि संख्याशास्त्राने तपासा. तुमचे ३८ तर ५० च्या तीन चतुर्थांशावर आहेत.

हातात धरायचं पीआयडी मीटर (दिव्याच्या अतिनील प्रकाशाने वाफ मोजणारं यंत्र) वापरणार असाल तर एक सावधगिरी. ते आयसोब्यूटिलीन या वायूवर कॅलिब्रेट केलेलं असतं. १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याला हेक्सेन कमी जाणवतं, म्हणून पडद्यावरचा आकडा साधारण चारपट करावा लागतो. मिश्रणात तर ते वेगवेगळी वाफ ओळखतच नाही. गळती किंवा वाफेची जागा शोधायला उत्तम, मर्यादेशी तुलना करायला नाही.

प्रतिसाद – नाडीपरीक्षा

मी व्यावसायिक आरोग्याची डॉक्टर आहे. वरचं गणित बरोबर आहे, पण तुमच्या मिश्रणात ते धोका कमीच दाखवतं. हेक्सेनचं शरीरात २,५-हेक्सेनडायोन तयार होतं आणि तेच लांब मज्जातंतूंना आधी इजा करतं, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. एमईके स्वतः तंतूंना फारसं लागत नाही, पण हेक्सेनची ही इजा वाढवतं. १९७०च्या दशकात पश्चिम बर्लिनमध्ये नशेसाठी थिनर हुंगणाऱ्या तरुणांत हे दिसलं. थिनरमध्ये एमईके घातल्यावर हातापायांतली ताकद गेलेले रुग्ण एकदम येऊ लागले. नुसती बेरीज करून भागत नाही असं हे मिश्रण आहे.

चप्पल निसटल्याचं कळत नाही हे लक्षण मी हलक्यात घेणार नाही. त्या दोघांना आजच त्या कामावरून हलवा, पगार न कापता. नाहीतर तिसरा माणूस तुम्हाला काही सांगणारच नाही. त्यांची नर्व्ह कंडक्शन तपासणी (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ती) करून घ्या. मधुमेह, बी-१२ ची कमतरता, दारू ही कारणंही डॉक्टरांनी पाहायला हवीत, पण ती सापडली म्हणून हवेचा प्रश्न सुटत नाही. आणि त्यांना एक आधीच सांगून ठेवा: काम बदलल्यावरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, हेक्सेनच्या इजेत असं होतं. बरं व्हायला महिने लागतात, पण बहुतेकांना उतार पडतो.

बाकी गटाची लघवीतल्या २,५-हेक्सेनडायोनची तपासणी करा. नमुना आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टच्या शेवटी घ्यायचा. हवेचा पंप फक्त हवा मोजतो. बोळ्यातून कातडीत गेलेलं हेक्सेन लघवीतच सापडेल. एसीजीआयएचच्या यादीत हेक्सेनपुढे ‘स्किन’ ही खूण आहे ती याचसाठी.

प्रतिसाद – विषमात्रा

‘मर्यादा निश्चित नाही’ याचा अर्थ कुणी ठरवलेली नाही, इतकाच. आधी पुरवठादाराकडे त्या घटकाचा डीएनईएल (ज्याखाली अपाय होणार नाही असं मानतात ती पातळी) मागा, युरोपात नोंदणी असेल तर बहुधा मिळतो. तो कसा काढतात ते थोडक्यात सांगते, म्हणजे आकडा समोर आल्यावर प्रश्न विचारता येतील. समजा उंदरांच्या ९० दिवसांच्या अभ्यासात, रोज ६ तास, १००० मिलिग्रॅम प्रति घनमीटरपर्यंत अपाय दिसला नाही. कामगार ८ तास असतो, म्हणून ६/८ ने गुणायचं. काम करताना श्वास जास्त घेतला जातो, म्हणून ६.७/१० ने गुणायचं. उरतात सुमारे ५००. मग प्राणी आणि माणूस यांतल्या उरलेल्या फरकासाठी २.५, माणसामाणसांतल्या फरकासाठी ५ आणि अभ्यास अल्पकाळाचा म्हणून २ ने भागायचं. एकूण २५ ने भागून २० मिलिग्रॅम. हजारापासून निघून विसावर येतो. कर्करोग करणाऱ्या, जनुकांना इजा करणाऱ्या पदार्थांना मात्र ही रीत चालत नाही, तिथे सुरक्षित पातळीच गृहीत धरत नाहीत.

हे काम विषशास्त्रज्ञाकडूनच करून घ्या. तोवर ब्रिटनच्या एचएसई या कामगार-सुरक्षा संस्थेची कॉश इसेन्शियल्स पद्धत वापरा. त्यात धोक्याची विधानं, वापराचं प्रमाण आणि पदार्थ किती उडतो यावरून थेट नियंत्रणाचा प्रकार ठरतो, मर्यादेचा आकडा लागत नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोघांना आज पॅकिंगला हलवलं. पगार तोच राहील हे लेखी घेतलं. थिनरचे बोळे बंद, हाताला गोंद लागू नये म्हणून हातमोजे मागवतोय. शेवटची शंका: वरिष्ठ सगळ्यांना मास्क द्यायला तयार आहेत, पण टेबलावर एक्झॉस्ट बसवायला नाहीत. मास्कवर भागेल का? आणि हातमोजे नायट्राइलचे चालतील का?

प्रतिसाद – हवामापक

मास्क एक्झॉस्ट बसेपर्यंतच. सेंद्रिय वाफेचा कार्ट्रिज लागेल, धुळीचा मास्क वाफेला काहीच करत नाही. कार्ट्रिज बदलायचं वेळापत्रक लिहून लावा, वास आला की बदलू असं ठेवू नका. नायट्राइल हेक्सेनला टिकतं, पण एमईकेपुढे लवकर हार मानतं. टोल्युइनही सोबत आहे, म्हणून थरांचे लॅमिनेट हातमोजे विचारा आणि तुमच्या मिश्रणासाठी किती मिनिटं टिकतात ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.

पण आधी पुरवठादाराला एन-हेक्सेनऐवजी हेप्टेनवर केलेला गोंद मिळेल का ते विचारा. हेप्टेनपासून तंतूंना मारणारं ते डायोन लक्षणीय प्रमाणात होत नाही. त्याला वेगळ्या मर्यादा आहेत आणि ते पेटतंही, तेव्हा हवा पुन्हा मोजावी लागेलच. चीनमधल्या सुझोऊच्या एका कारखान्यात २००९ च्या सुमाराला याच्या उलट झालं होतं. पडदे पुसायला अल्कोहोल होतं, ते लवकर वाळावं म्हणून हेक्सेन आणलं आणि शंभराहून अधिक कामगार आजारी पडले. वरिष्ठांना ही घटना दाखवा, वर केलेली १.५१ ची बेरीज सोबत जोडा आणि एक्झॉस्टचा प्रस्ताव लेखी द्या.