मदत हवी आहे: नवीन टाकीतले गप्पी मासे पाण्यावर येऊन धापा टाकताहेत

नमस्कार मंडळी. बारा दिवसांपूर्वी ४० लिटरची टाकी लावली आणि दुसऱ्याच दिवशी ६ गप्पी सोडले. परवा एक गेला, आज सकाळी दुसरा. उरलेले चार अगदी वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत. एका मादीची शेपटी मिटून काडीसारखी झालीय, कल्ल्यांपाशी लालसर दिसतंय. बघवत नाही.

पाणी दिसायला नितळ आहे, पण टेस्ट किटवर माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया १ पीपीएम (दहा लाखात एक भाग) आला, त्यापासून बनणारं, तेही विषारी, नायट्राइट ०.५. तापमान २६ अंश. फिल्टरचा स्पंज मी नळाखाली खळखळून धुतला होता. अमोनिया पचवणारे जे थोडेफार जिवाणू त्यात धरले असतील, तेही क्लोरीनने गेले असणार. काल क्लोरीन काढणारं औषध घालून पाव टाकी पाणी बदललं, खाणं बंद ठेवलंय.

आता रोज पाव टाकी बदलू की अर्धी? ओळखीतून जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळतोय, पण तिथल्या माशांना मागे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता. घ्यावा का? नायट्राइटसाठी मीठ घालतात म्हणे, ते किती? टाकीत जावा मॉस (पाण्यात वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) आहे, मिठात तो टिकेल ना? कृपया लवकर सांगा.