कमी तास बघून भुलू नका

एकाने विचारलंय, हौशी लोक सुटे भाग आणून स्वतः बांधतात त्या छोट्या आरव्ही विमानांपैकी जुनं घ्यायचं तर १५ वर्षांत जेमतेम २०० तास उडालेलं आरव्ही-६ घ्यावं की नियमित उडणारं ९०० तासांचं आरव्ही-९ए. मी दुसऱ्याकडे झुकेन. या विमानांत सहसा असणाऱ्या लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान महिनोन्महिने पडून राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि गंज धरतो. सिलिंडर उतरवून कॅमचे लोब, म्हणजे त्या दांड्यावरचे उंचवटे, बघू द्यायला मालक का-कू करत असेल, तर विषय तिथेच सोडा. शिवाय आरव्ही-६ला शेपटीला चाक, उतरताना रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) पेडलांवरचे पाय जागे हवेत. ९ए लांब पंखांचं, स्वभावाने गरीब. फक्त कसरती विसरा. रंग नि चकचकीत स्क्रीन नंतर बघा, आधी बांधणीची वही आणि फोटो मागा. पत्रे जोडणारे रिव्हेट मात्र स्वतः असं विमान बांधलेल्या माणसालाच दाखवा.