राक्षसाने तोंड उघडले आणि श्रोते हसले: ऐकवल्या जाणाऱ्या भयकथांविषयी एक प्रश्न

शांतश्रोता

नमस्कार मंडळी.

भयपट मला पाहवत नाहीत. पडद्यावर काही भयंकर घडणार अशी चाहूल लागली की मी डोळ्यांपुढे हात धरतो आणि प्रसंग टळल्याची खात्री होईपर्यंत तो काढत नाही. असे असूनही रात्री दिवा मालवून, इअरफोन लावून राक्षसांच्या दोन-दोन तासांच्या कथा ऐकणे हा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. (राक्षस हा शब्द मी सोयीसाठी वापरतो आहे, पुराणातला नव्हे, तर ज्याला धड नाव देता येत नाही असा कोणताही हिंस्र, अनोळखी जीव.) कथा संपली की पुढचा भाग कधी येणार असे विचारणाऱ्या असंख्य श्रोत्यांमध्ये मीही असतो. एकाच माणसाला पाहण्याची इतकी धास्ती आणि ऐकण्याची इतकी ओढ का असावी, हे मला उलगडलेले नाही.

विचारण्याचे दुसरे कारण जरा लाजिरवाणे आहे. गेल्या महिन्यात मी स्वतः एक कथा लिहिली आणि तिचे सुमारे 25 मिनिटांचे ध्वनिमुद्रण केले. बंद पडलेल्या खाणीत दोन भाऊ उतरतात, धाकटा हरवतो, आणि मग खालून त्याच्या आवाजात हाका येऊ लागतात, असे कथानक आहे. हाका मारणाऱ्या प्राण्यासाठी मी सॉफ्टवेअरमध्ये माझा आवाज बराच खाली उतरवला आणि त्याला घुमारा दिला. चार मित्रांना ते ऐकवले. पंधरा मिनिटे कोणी हललेही नाही, मात्र राक्षसाने तोंड उघडताच दोघांना हसू आवरेना. त्यांपैकी एक म्हणाला, की हा प्राणी बिघडलेल्या लाउडस्पीकरमध्ये राहत असावा.

माझे नेमके काय चुकले? आणि आपल्यासारख्या श्रोत्यांना या कथांमध्ये खरोखर काय आवडते?

अर्धाकान

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाणकार देतील. दुसऱ्याविषयी एक जुना श्रोता म्हणून लिहितो.

पडद्यावरचा राक्षस मोजता येतो. तो दारातून आत येतो तेव्हा दाराच्या मापाने त्याची उंची कळते, त्याच्या अंगावर उजेड पडतो तेव्हा त्वचा कशाची बनवली आहे हे कळते, आणि एकदा हे कळले की मनातला एक कोपरा निर्धास्त होतो. ऐकलेल्या राक्षसाला माप नसते. ‘छताला काहीतरी घासत गेले’ एवढेच निवेदक सांगतो, आणि छत किती उंच हे ज्याचे त्याने आपल्या खोलीवरून ठरवलेले असते. ज्या क्षणी कथावाचक त्याच्या नख्यांची लांबी, डोळ्यांची संख्या आणि लाळेचा रंग सांगू लागतो, त्या क्षणी माझी भीती ओसरते आणि मी किती मिनिटे उरली ते पाहतो.

दुसरे कारण कानाचे आहे. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. आपण हात धरून पडदा झाकता, पण वाक्य सुरू झाले की ते पूर्ण ऐकावेच लागते. मला विशेष प्रिय असलेले राक्षस म्हणजे आवाजाच्या मागावर शिकार करणारे. अशी कथा ऐकताना मी स्वतःच श्वास रोखून धरलेला असतो, जणू अंथरुणातली माझी हालचालही त्याला ऐकू जाईल.

आणि ध्वनीची ताकद पाहायची असेल तर 1938 चे उदाहरण आहेच. ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरून आलेल्या आक्रमकांचे नभोनाट्य सादर केले, तेव्हा अख्खी अमेरिका घराबाहेर धावत सुटली होती.

ध्वनिकक्ष

अर्धाकान यांच्या शेवटच्या वाक्याला आधी थोडी मुरड घालतो. 30 ऑक्टोबर 1938 च्या त्या प्रसारणाने काही श्रोते खरोखर घाबरले होते, परंतु देशभर पळापळ झाली ही कथा वृत्तपत्रांनी फुगवलेली होती, आणि त्या रात्री बहुसंख्य लोक तो कार्यक्रम ऐकतही नव्हते. त्या प्रसारणातून घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. घटनास्थळावरचा वार्ताहर डोळ्यांसमोर घडणारे सांगत असतो, त्याचे वर्णन मध्येच तुटते, आणि काही क्षण काहीच ऐकू येत नाही. आक्रमकांच्या कोणत्याही आवाजापेक्षा ती शांतता अधिक घाबरवते.

आता शांतश्रोता यांच्या ध्वनिमुद्रणाविषयी. मी श्राव्य पुस्तकांच्या ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि हा दोष माझ्या कानांवर वरचेवर येतो. बोलणारा जीव केवढा आहे, हे कान केवळ पट्टीवरून ठरवत नाही. स्वरयंत्रापासून ओठांपर्यंतची पोकळी जितकी लांब, तितके तिच्यातले अनुनाद, म्हणजे पोकळीत घुमून ठळक होणारे सूर, खाली उतरतात, आणि शरीराच्या आकाराचा अंदाज बांधताना कान या अनुनादांचा मोठा आधार घेतो. प्रौढ पुरुषात ही पोकळी साधारण 17 सेंटिमीटर असते. लाल हरणाचा नर साद घालताना आपले स्वरयंत्र छातीच्या हाडाकडे ओढून ही पोकळी लांबवतो आणि आहे त्याहून मोठा ऐकू येतो. थोडक्यात, राक्षसाचा आवाज काढण्याची युक्ती त्याला आपल्या फार आधी साधलेली आहे. साधे सॉफ्टवेअर पट्टी आणि अनुनाद दोन्ही सरसकट खाली ओढते खरे, पण उच्चारांची लकब, श्वास घेण्याच्या जागा आणि वाक्याचा हेल माणसाचाच राहतो. त्यामुळे कानाला प्रचंड प्राणी नव्हे, तर सावकाश फिरवलेली ध्वनिफीत ऐकू येते, आणि यंत्र ओळखू आले की हसू येणारच.

माझ्या मते मूळ चूक मात्र याहून आधीची आहे. आपला प्राणी माणसाच्या आवाजाची नक्कल करतो, आणि हे कथानक वाचनासाठीच जन्माला आल्यासारखे आहे. कथावाचनात थोरला भाऊ, धाकटा भाऊ, निवेदक आणि राक्षस हे सारे एकाच गळ्यातून बोलतात, आणि श्रोता पहिल्या पाच मिनिटांत हा संकेत निमूटपणे मान्य करतो. मग खाणीतून आलेली हाक भावाची की त्या प्राण्याची, हे ओळखण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी उरत नाही. वर उभ्या असलेल्या थोरल्या भावाची जी अडचण, तीच तंतोतंत श्रोत्याची होते. आयते हाती आलेले हे शस्त्र आपण घुमारा लावून स्वतःच बोथट केलेत.

असे करून पाहा. आरंभी, सारे काही ठीक असताना, धाकट्याच्या तोंडी एक अगदी साधे वाक्य घाला: ‘दादा, दोर खाली सोड.’ ते सहज म्हणा आणि पुढे चला. पुढे तो हरवल्यावर तेच वाक्य त्याच आवाजात, त्याच हेलात म्हणा. फक्त ‘दोर’ आणि ‘खाली’ यांच्यामध्ये अर्ध्या सेकंदाची फट ठेवा, जणू बोलणाऱ्याला पुढचा शब्द आठवावा लागला. माइकच्या जरा जवळ सरका, कारण एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या अगदी जवळ बोलले की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो आणि बोलणारा श्रोत्याच्या कानाशी आल्यासारखा वाटतो. बाकी काही करू नका.

शांतता ठेवताना एक पथ्य पाळा. संपादनात ध्वनी पूर्णपणे शून्य केला, तर श्रोत्याला भीती वाटत नाही. फोन बंद पडला की काय असे वाटून तो पडद्यावर बोट लावतो. वेल्स यांच्या काळी आवाज तुटणे म्हणजे पलीकडे काहीतरी घडले असे वाटे, आज नेटवर्क गेले असे वाटते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कोणी बोलत नसतानाचा जो बारीक आवाज असतो, ज्याला आम्ही रूम टोन म्हणतो, तो मिनिटभर वेगळा मुद्रित करून शांततेच्या जागी पसरा.

अचानक किंचाळणे टाळा. त्याने श्रोता दचकतो, घाबरत नाही, आणि इअरफोन लावलेल्या माणसाच्या कानाला ते खरोखर दुखते.

जुनीपोथी

ध्वनिकक्ष यांनी तंत्राची बाजू सांगितली; मला याच युक्तीचे फार जुने रूप आठवले. बेओवुल्फ या प्राचीन इंग्रजी काव्याचे हस्तलिखित सुमारे 1000 वर्षांपूर्वीचे आहे, आणि त्यातला ग्रेंडेल हा राक्षस कसा दिसतो याचे सविस्तर वर्णन कवीने केलेले नाही. डोळ्यांतून ज्वाळेसारखा ओंगळ उजेड निघतो, हाताचा स्पर्श होताच दार उघडते, एवढ्यावरच तो भागवतो. हल्ल्याच्या रात्री ‘आला’ हे क्रियापद तीनदा येते: आधी तो काळोखातून येतो, मग धुक्याच्या उतारांखालून, दलदलीतून येतो, आणि शेवटी सभागृहाशी येतो. दर वेळी अंतर कमी होते आणि आकृती मात्र स्पष्ट होत नाही. हे मोठ्याने म्हणून पाहिले की कळते, की ‘आला’ या शब्दावर जोर द्यावाच लागत नाही, तो आपोआप जड होत जातो.

अमेरिकी नभोवाणीवर 1934 मध्ये ‘लाइट्स आउट’ नावाची भयनाट्यांची मालिका सुरू झाली, तिने तर एका राक्षसाला केवळ ठोक्यावर उभे केले. 1937 च्या एका भागात प्रयोगशाळेतले कोंबडीचे हृदय वाढत-वाढत जगाला व्यापते, आणि श्रोत्याला त्याचे जाणवत राहते ते धडधडणे. कागदावर ही कल्पना हास्यास्पद आहे, हे मान्य. पडद्यावर ती याहून हास्यास्पद झाली असती. कानात मात्र ती चालते, कारण धडधड ही श्रोत्याच्या स्वतःच्या छातीतही चालूच असते. त्याच मालिकेत माणूस आतून बाहेर उलटला जाण्याचा प्रसंग होता, आणि तो आवाज ओला रबरी हातमोजा उलटून काढला होता. हे कळल्यापासून मला ओले हातमोजे काढतानाही कसेसेच होते.

रात्रपाळी

थोडा विरोधी सूर लावतो. आपण सगळे राक्षसाविषयी बोलत आहात, पण ज्या कथा मी पुन्हा-पुन्हा ऐकतो, त्यांतले राक्षस मला नीट आठवतही नाहीत. आठवतो तो वाचणाऱ्याचा आवाज. रात्री एकट्याने काम करताना कोणीतरी शांतपणे, घाई न करता, दोन तास बोलत असते, हे मला हवे असते. राक्षस असतो म्हणून पुढे ऐकावेसे वाटते, इतकेच. कित्येक श्रोते तर या कथा ऐकत झोपी जातात. भयकथेने झोप यावी हे विचित्र वाटेल, पण धोका दुसऱ्याच्या दाराशी आहे आणि आपण पांघरुणात आहोत, ही जाणीव मोठी ऊबदार असते. म्हणूनच यंत्राने वाचलेल्या कथा मला पाच मिनिटांपलीकडे ऐकवत नाहीत: त्या आवाजाला कुठे थांबावे हे शिकवता येत असेल, पण तो स्वतः घाबरून थांबलेला नसतो.

आणखी एक गोष्ट. शांतश्रोता यांनी स्वतःची कथा वाचली हे उत्तम. पुढे दुसऱ्याची वाचावीशी वाटली तर लेखकाची परवानगी अवश्य घ्यावी आणि नाव ठळकपणे सांगावे. रेडिटवरील नोस्लीप या भयकथांच्या मंचाने 2020 मध्ये याच प्रश्नावर, लेखकांच्या संमतीवाचून कथा वाचून दाखवल्या जात असल्याच्या निषेधार्थ, काही दिवस आपले दार बंद ठेवले होते. श्रोत्यांच्या प्रेमाचा वाटा वाचणाऱ्याला चटकन मिळतो, लिहिणाऱ्याला क्वचितच.

शांतश्रोता

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी यांचे म्हणणे मला पटले, कारण माझ्याही आवडत्या कथावाचकांची यादी कथांच्या यादीपेक्षा फार लहान आहे.

काल रात्री नव्याने ध्वनिमुद्रण केले. घुमारा काढला, पट्टी मूळची ठेवली, आणि ‘दादा, दोर खाली सोड’ हे वाक्य दोनदा घातले, दुसऱ्या वेळी सांगितल्याप्रमाणे फट ठेवून. त्याच चौघांना ऐकवले. ज्याने लाउडस्पीकरवरून टिंगल केली होती, त्याने त्या वाक्यापाशी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाला, “इथे तू अडखळला आहेस, एवढे पुन्हा मुद्रित कर.” मी काहीच बोललो नाही. दोन-तीन क्षणांनी त्याच्या लक्षात आले, आणि मग तो उरलेली कथा संपेपर्यंत पुन्हा बोलला नाही.

आता एकच अडचण उरली आहे. शेवटी थोरला भाऊ दोर वर ओढतो आणि तो प्राणी उजेडात येतो. तिथे त्याच्या रूपाची तीन वाक्ये मी लिहिली आहेत, आणि ती मला स्वतःला फार आवडतात. ठेवावीत की काढावीत?

जुनीपोथी

झुंजीनंतर ग्रेंडेलचाही उपटलेला हातच काय तो सभागृहाच्या छताखाली टांगलेला दिसतो. आपण तेवढाही दाखवू नये असे मला वाटते.

ध्वनिकक्ष

तिन्ही काढा. दोर ओढताना थोरल्याचा श्वास ऐकू येऊ द्या, आणि धाकट्याला उतरवताना लागला होता त्याहून दोर हलका लागतो आहे, एवढेच त्याच्या तोंडून येऊ द्या. मग कथा तिथेच थांबवा आणि पुढे दहा सेकंद रूम टोन.