मदत हवी आहे : नवी रचना केल्यापासून आमच्या संकेतस्थळाची पाने गूगल शोधात दिसेनाशी झाली

नमस्कार. यावल तालुक्यातल्या आमच्या गावात आई आणि गल्लीतल्या सात-आठ जणी मिळून उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया आणि वर्षभर काळा मसाला करतात. त्यांच्या मालासाठी मी चार वर्षांपूर्वी वर्डप्रेसवर एक लहान संकेतस्थळ उभारले. जाहिरातीला पैसे नव्हते. पण नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेली खान्देशी मंडळी ‘बिबडे’ किंवा ‘खान्देशी काळा मसाला’ असे शोधत आमच्या पानांवर येत आणि तिथूनच फोन करीत. फेब्रुवारीत एका व्यावसायिकाकडून संकेतस्थळाची नवी रचना करून घेतली आणि ऐन वाळवणाच्या हंगामात शोधातून येणारी माणसे जवळजवळ थांबली. बिबड्यांचे डबे घरात भरून पडले आहेत आणि त्या बायकांच्या हाती द्यायचे पैसे त्यांत अडकले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

मला जे तपासता आले ते तपासले आहे. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये शोधयंत्रांना दूर ठेवणारी चौकट असते आणि काम संपल्यावर तिच्यातली खूण काढायची राहून जाते असे वाचले होते. आमच्याकडे ती रिकामीच आहे. साइटमॅप, म्हणजे संकेतस्थळाच्या सगळ्या पानांची यादी, सर्च कन्सोलमध्ये (आपले संकेतस्थळ शोधात कसे दिसते ते दाखवणारे गूगलचे साधन) दिलेला आहे आणि तो वाचलाही गेला आहे. मात्र त्याच सर्च कन्सोलमध्ये जुनी पाने ‘४०४’ म्हणजे ‘पान सापडत नाही’ याखाली आणि नवी बरीचशी पाने ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ या शीर्षकाखाली दिसतात, म्हणजे गूगल येऊन पान पाहून गेले, पण ते आपल्या सूचीत घेतले नाही.

खोलात गेल्यावर पहिली गोष्ट सापडली ती पत्त्यांची. पूर्वी पानांचे पत्ते रोमन लिपीत आणि आखूड होते. नव्या रचनेत ते शीर्षकावरून आपोआप देवनागरीत तयार झाले आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारी कोणतीही सोय केली गेली नाही. त्यातच ‘ज्वारीचे बिबडे घरी करण्याची पद्धत’ या पानाचा पत्ता ‘ज्वारीचे-बिबडे-घरी-करण्य’ इथेच तुटलेला आहे आणि ‘ज्वारीचे बिबडे घरी करण्यापूर्वीची तयारी’ या पानालाही नेमका तोच पत्ता मिळून शेवटी ‘२’ हा आकडा लागला आहे. हा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब ओळ जाते आणि ती पाहून आमच्या एका जुन्या ग्राहक मावशींनी ‘हे काही भलतेच तर नाही ना?’ असे फोन करून विचारले.

दुसरी गोष्ट अशी, की कृतीचा सगळा मजकूर आता सुंदर अक्षरांतल्या चित्रांच्या स्वरूपात आहे. दिसायला ते छान आहे, पण एकेक चित्र ४ ते ५ एमबीचे आहे आणि गावातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो.

माझे प्रश्न असे आहेत. जुने पत्ते परत आणावेत, की देवनागरी पत्तेच ठेवून जुन्यांवरून तिकडे वाट करून द्यावी? कोणी ‘बिबडे’ शोधते, कोणी ‘बिबड्या’, कोणी नुसते ‘ज्वारीचे पापड’, तर अनेक जण हेच शब्द रोमन अक्षरांत टंकतात; प्रत्येकासाठी वेगळे पान करावे का? आणि एका गृहस्थांनी हजार बॅकलिंक (इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे) विकत देऊन पहिल्या क्रमांकाची हमी दिली आहे, ती घ्यावी का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे पैसे जाण्याचा धोका आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवले आहे. क्रमांक वाढवण्यासाठी विकत घेतलेले दुवे त्यांच्या नियमांविरुद्ध आहेत आणि गूगलने २०१२ मध्ये क्रमवारीच्या पद्धतीत केलेल्या ‘पेंग्विन’ बदलापासून अशा दुव्यांनी अनेक संकेतस्थळे बुडाली आहेत.

पत्ता तुटण्याचे कारण असे, की देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइटचे असते आणि टक्क्यांच्या लिपीत त्याची ९ अक्षरे होतात. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांचीच जागा देते, म्हणून काना, मात्रा, वेलांटी धरून जेमतेम २२ चिन्हे मावतात. देवनागरी पत्त्याला गूगल कमी लेखत नाही, तेव्हा त्या कारणासाठी घाबरू नका. पण तुमचे जुने पत्ते ओळखीचे होते आणि नव्यांना अजून सूचीत जागाच मिळालेली नाही, म्हणून मी जुनेच परत आणीन आणि देवनागरी पत्त्यांवरून त्यांच्याकडे ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे कायमची वळवणूक, लावीन. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर तरी काढू नका.

तरीही माझ्या मते खरे नुकसान चित्रांनी केले आहे. चित्रातल्या अक्षरांवर विसंबून चालत नाही. गूगलच्या दृष्टीने ती पाने जवळपास कोरी आहेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकून घाला, चित्रे लहान करा आणि पानाचा मुख्य भाग मोबाइलवर २.५ सेकंदांच्या आत दिसेल असे पाहा, कारण सूची आता मोबाइलवरच्या पानावरूनच होते. वेगवेगळ्या नावांसाठी वेगळी पाने करू नका. ‘आमच्याकडे याला बिबड्या असेही म्हणतात’ असे एका वाक्यात लिहा, रोमन रूप एकदा येऊ द्या, तेवढे पुरे. ‘मेटा कीवर्ड’ (पानाच्या कोडमध्ये लपवून दिलेली शोधशब्दांची यादी) भरण्यात वेळ घालवू नका. ते आपण विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. त्यापेक्षा आईंना जे ठाऊक आहे आणि दुसरीकडे कुठे लिहिलेले नाही ते लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

भाऊ, मनापासून आभार. हमीवाल्या गृहस्थांना काल नकार कळवला. जुने पत्ते परत आणले, रीडायरेक्ट लावले आणि दोन्ही पाने एकत्र करून तो ‘२’ आकड्याचा पत्ताही त्याच पानाकडे वळवला. काल रात्री आईजवळ बसून बिबड्यांची कृती तिच्या शब्दांत टंकली. शिजवलेले पीठ पळीवरून कसे पडले म्हणजे थापायला घ्यायचे, ढग आले तर अर्धवट वाळलेल्या बिबड्यांचे काय करायचे, हे ती सांगत गेली आणि पान पूर्वीच्या दुप्पट झाले. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल (पत्ता) तपासणीतून ते पुन्हा सूचीसाठी पाठवले आहे. काळ्या मसाल्याचे पान आज रात्री घेते. दोन आठवड्यांनी सर्च कन्सोलमध्ये काय दिसते ते इथेच लिहीन.